कोल्हापूर ते पंढरपूर पायी जाताना वळकटीत काय बांधावे

आषाढीला कोल्हापुरातून पायी निघताना वळकटीत काय बांधावे, हा प्रश्न दिंडीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला पडतो, आणि त्याला मिळणारी उत्तरे इतकी परस्परविरुद्ध असतात की ऐकणारा शेवटी घरातले सगळेच अंथरूण-पांघरूण उचलून आणतो. या मतभेदाचे मूळ वाटेतच आहे. सुमारे १८० किलोमीटरच्या या रस्त्यावर आपण एका हवेतून निघून दुसऱ्याच हवेत पोहोचतो. शिरोली, हातकणंगले, जयसिंगपूर या पट्ट्यात उसाची काळी रानं, पाण्याने भरलेल्या सऱ्या आणि कपड्यांतून न जाणारी ओल असते. मिरज मागे पडून कवठेमहांकाळ आणि नागज ओलांडले की पाऊस विरळ होतो, मुरमाड माळ लागतो आणि वारा सुरू होतो. कोल्हापूर शहरात वर्षाला जेवढा पाऊस पडतो, त्याच्या साधारण निम्माच सांगोल्याच्या वाट्याला येतो. त्यामुळे पहिल्या मुक्कामांच्या अनुभवावरून बोलणारा आणि शेवटच्या मुक्कामांच्या अनुभवावरून बोलणारा, दोघेही आपापल्या जागी खरेच सांगत असतात.

मी प्रथम दिंडीत गेले तेव्हा आमच्यातील एका वडीलधाऱ्या आक्कांनी माझे सामान न उघडताच विचारले होते, “वर काय पांघरतीस ते मागनं बघू, आदी खाली काय हाय ते सांग.” त्यांचा प्रश्न किती नेमका होता, हे शाळेच्या व्हरांड्यातील शहाबादी फरशीवर पाठ टेकली की कळते. पांघरुणाची ऊब त्यात अडकलेल्या हवेमुळे असते. अंगाखालच्या कापडातील ती हवा आपल्याच वजनाने दाबून निघून जाते आणि फरशी रात्रभर शरीरातील उष्णता ओढत राहते. म्हणून दोन चादरी असतील तर पावसाळी मुक्कामात त्यांपैकी एक तरी खाली गेली पाहिजे, हे माझे पक्के मत झाले आहे.

घोंगडीविषयी कोल्हापूरकराने वाईट बोलू नये, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. पट्टणकोडोलीची घोंगडी माहीत नसलेले घर आमच्या भागात विरळाच, आणि दख्खनी मेंढीच्या लोकरीचे गुण खरोखरच मोठे आहेत. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही आणि दमट झाली तरी ऊब सोडत नाही. सुती चादर अशा वेळी अंगालाच गार करते. डोक्यावर खोळ करून घेतली की भुरभुर पावसात चालतानाही घोंगडीचा उपयोग होतो. तरीही आषाढीच्या पहिल्या टप्प्यासाठी मी ती अंथरायला सुचवणार नाही. एकदा पुरती भिजली की तिचे वजन पेलवत नाही, आणि उघडीप नसेल तर पुढचे दोन-तीन मुक्काम ती वाळतही नाही. घरच्या वाकळीची गत याहून वाईट, कारण आतल्या जुन्या लुगड्यांचे थर पाणी पितात आणि कुबट वास धरून बसतात.

या टप्प्यात खाली प्लास्टिकचा कागद आणि त्यावर फोमची पातळ चटई, ही जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते. चांगल्या चटईच्या फोममधील पोकळ्या बंद असतात, त्यामुळे तिच्यात पाणी शिरत नाही आणि ती अंगाखाली फारशी दबतही नाही. सकाळी पुसून गुंडाळली की काम झाले. मात्र प्लास्टिकचा कागद अंगावर घेऊन झोपण्याची जी सवय अनेकांना असते, ती सोडावी. बाहेरचा पाऊस त्याने अडतो हे खरे, पण आतला घाम आणि श्वासाची वाफ त्याच्या आतल्या बाजूला निवून पाण्याचे थेंब होतात आणि पहाटे माणूस कोरड्या जागी झोपूनही भिजलेला उठतो. उघड्यावर झोपण्याची वेळ आलीच तर कागद काठ्यांवर ताणून डोक्यावर छप्परासारखा बांधावा आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळू द्यावा. रात्रीचे कपडे, पायमोजे आणि कानटोपी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवावी आणि दिवसा कितीही भिजलो तरी त्यांना हात लावू नये.

नागजच्या पुढे चिंता बदलते. ढालगाव परिसरात पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. आषाढातला पश्चिमेचा वारा तिथल्या माळावर रात्रीही पडत नाही. इथे ओलीचा त्रास कमी, पण पातळ चादर अंगावर टिकत नाही, आणि टिकली तरी तिच्यातून वारा आरपार जातो. म्हणून जाड सोलापुरी चादर इथे कामी येते. तिची एक कड चटईखाली दाबून घ्यावी, सामानाची बोचकी पश्चिमेकडे रचावीत आणि त्यांच्या आडोशाला झोपावे. माळावरचे सैल दगड उशाला घेण्यासाठी उचलू नयेत, त्यांखाली विंचू असतो. उठल्यावर अंथरूण झटकल्याशिवाय गुंडाळू नये.

कार्तिकीला मात्र घोंगडीचे राज्य असते. आकाश निरभ्र, जमीन कोरडी आणि पहाटेचा गारठा हाडात शिरणारा. अशा रात्री उघड्या आकाशाखालची प्रत्येक वस्तू आपली उष्णता वर सोडते आणि निवते, म्हणून दहिवर उघड्यावरच्या पांघरुणावर पडते आणि लिंबाच्या झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये झोपलेल्याचे अंथरूण कोरडे राहते. घोंगडीची लोकर बोचते अशी तक्रार नवी मंडळी करतात, त्यांनी आत एक जुने मऊ लुगडे घ्यावे. महागडी स्लीपिंग बॅग आणणारेही आता दिसतात. ती उबदार असते, पण रात्री तीनला काकड्यासाठी उठताना तिच्यातून बाहेर पडण्याची धडपड पाहिली की मला हसू आवरत नाही.

चैत्रात जोतिबाला चालत जाणाऱ्यांना यातले काहीच लागत नाही. उन्हामुळे बहुतेक जण रात्रीच वाट काढतात, आणि वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर तास-दोन तास पडायला एक सतरंजी पुरते. फक्त वळिवाचा भरवसा नसल्याने घडी केलेला कागद पिशवीत असू द्यावा.

आम्हा बायकांना जागा निवडताना आणखी एक हिशेब करावा लागतो. आडोशाची, कोरडी जागा अंधारात असेल आणि दिव्याखालची जागा वाऱ्यावर असेल, तर आम्ही दुसरीच घेतो, आणि मग ऊब राखण्यासाठी चटया एकमेकींना जोडून अंथरतो. दोघींत तीन चादरी आणल्या की एक खाली आडवी घालता येते आणि प्रत्येकीच्या वळकटीचे वजनही कमी होते.

पंढरपुरात ‘६५ एकर’ या वारकऱ्यांच्या मुक्कामाच्या मैदानात जागा मिळाली नाही तर कार्तिकीला काही जण चंद्रभागेच्या वाळवंटात पडतात. वाळू मऊ वाटली तरी चार बोटे खाली ती ओली आणि गार असते, म्हणून तिथेही कागद आणि चटई आधी, घोंगडी नंतर. अंथरण्यापूर्वी खांदा आणि कंबर येते तिथली वाळू हाताने थोडी उकरून घेतली की कूस बदलताना दुखत नाही. आषाढीला नदीत वरून पाणी सोडले जाण्याची शक्यता असते, तेव्हा वाळवंटात झोपूच नये. घाटाच्या वर, पायऱ्यांवर का होईना, जागा धरावी.