१६ मिलिमीटरच्या स्प्रिंगा आणि गल्लीतले माग

मंडळी, रेकॉर्ड प्लेअर लावला की स्पीकरमध्ये येणारी गडगड कुठून येते ते सापडलं!

बेळगावच्या उद्यमबागेत करून घेतलेल्या चार स्प्रिंगा प्लेअरच्या कडप्प्याखाली बसवल्या आणि वूफरचा (खर्जाच्या स्पीकरचा) कागद आधीपेक्षा जास्त हलायला लागला, इथवर मागच्या वेळी सांगितलं होतं. टकटक चाचणी मात्र पास: प्लॅटर (रेकॉर्ड फिरवणारी तबकडी) थांबलेला, सुई रेकॉर्डवर, आवाज नेहमीइतका, रॅकवर बोटानं वाजवलं तर स्पीकरमध्ये काही नाही. पावलांचे धक्केही गेले. तरी कागद हलतोच. डोकं उठलं होतं.

परवा कुमार गंधर्व लावले होते (जन्म सुळेभावीचा, आपल्याच जिल्ह्यातला). आलाप सुरू असतानाच लाईट गेली. प्लेअर आणि अ‍ॅम्प इन्व्हर्टरवर, मोटर डीसी, त्यामुळे वेगात फरक नाही. आणि वूफर एकदम स्थिर! तानपुऱ्याचा खर्ज इतका मोकळा या घरात मी कधी ऐकला नव्हता. लाईट गेली की आमच्या वडगावातले विजेवरचे कापडाचे माग थांबतात. इथं राहणाऱ्याच्या कानाला त्यांची खडखड जाणवेनाशी होते, सुईला मात्र ती जमिनीतून पोचते.

मग हिशेब मांडला. मागाचे मिनिटाला साधारण १२० पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या), दर पिकला धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा एक ठोका, म्हणजे सेकंदाला दोन, २ हर्ट्झ. शिवाय त्याच्या पटी: ४, ६, ८. माझ्या स्प्रिंगा वजनाखाली १६ मिमी दबतात. १५.८ ला १६ च्या वर्गमुळानं भागा, स्प्रिंगेचं स्वतःचं कंपन ४ हर्ट्झ येतं. नेमकी दुसरी पट! स्प्रिंग स्वतःच्या कंपनाच्या १.४ पटीवर गेल्यावरच अडवायला लागते, त्याच्या आसपास ती उलट वाढवते. भरीला सुईचा आर्म: १२ ग्रॅम, त्यावर काट्रिज (सुई बसते तो भाग) आणि स्क्रू ७ ग्रॅम, कम्प्लायन्स (सुईची लवचिकता) २०. रेझोनन्स, म्हणजे आर्मचं स्वतःचं कंपन, ८.२ हर्ट्झ, चौथ्या पटीला चिकटून.

हेडशेल (काट्रिज धरणारं आर्मचं टोक) ३ ग्रॅमनं हलका घातला, आर्म ८.९ वर गेला. ८ आणि १० च्या मधोमध. कागदाचं हलणं तेवढ्यानंच डोळ्यांना दिसण्याइतकं कमी झालं. फार बरं वाटलं.

महागडे जेलचे पाय सुचवणाऱ्यांना एक सांगतो: अर्धा मिलिमीटर दबणारं पॅड २२ हर्ट्झला डोलतं. आपल्या दुखण्यावर त्याचा उपयोग शून्य. स्प्रिंगनंच २ हर्ट्झ अडवायचे तर ती जवळजवळ १३ सेंटिमीटर दबली पाहिजे, आणि इतकी मऊ स्प्रिंग प्लेअरसकट कलंडेल.

म्हणून आता प्लेअर फळीवर ठेवून टांगायचा. फणी पुढंमागं हलते, त्यामुळे धक्का बराचसा आडवा असणार, आणि आडव्या धक्क्याला लंबक उत्तम. तुळईला झोपाळ्याच्या कड्या आहेतच. दोरी १ मीटर धरली होती, पण लिहितालिहिता लक्षात आलं: ३३⅓ ला प्लॅटरचा एक फेरा १.८ सेकंदांचा, आणि ८० सेंटिमीटरचा लंबकही तितकाच वेळ घेतो. रेकॉर्डचं भोक जरा जरी मध्यापासून सरकलेलं असलं तरी आर्म आणि फळी एका तालात झुलायला लागतील. १ मीटर त्याच्या फार जवळ. तेव्हा दीड मीटर, जवळजवळ अडीच सेकंद.

उभ्या धक्क्यासाठी दोऱ्यांतच ताणाच्या स्प्रिंगा घालेन, टांगल्यावर कलंडायची भीती नाही. मोटर सुरू होताना फळी पिळेल, तिला आवरायला खाली गिअर ऑइलच्या डब्यात बुडलेली पत्र्याची पट्टी. चार दोऱ्या घ्यायच्या की तीन, हे अजून ठरत नाही. तिनांवर लेव्हल लवकर लागते, म्हणून आज तिनांकडे कल आहे.