रियाजाची नोंद: ‘टधा’चा सांधा

तबल्याच्या दिल्ली बाजातील (वादनशैलीतील) ‘धातिट धातिट धाधा तिट धागे तिनाकिना’ हा कायदा (विस्तार करण्यासाठी बांधलेली बोलांची रचना) एका मात्रेत चार अक्षरे या हिशेबाने मिनिटाला 80 मात्रांपर्यंत नेल्यावर माझी प्रगती तीन आठवडे अडून राहिली होती. लय थोडी वाढवली की तिसऱ्या आवर्तनापासून मनगट आखडत असे आणि बोल एकमेकांवर चढत. मी तेव्हा रोजचा वेळ वाढवला, आणि आता वाटते की तीच चूक होती, कारण त्या वाढीव वेळात मी तोच दोष अधिक पक्का करीत होतो.

वादन ध्वनिमुद्रित करून निम्म्या गतीने ऐकल्यावर दोष एकाच जागी सापडला. या बाजात ‘ति’ मधल्या बोटाने आणि ‘ट’ तर्जनीने शाईवर, म्हणजे तबल्याच्या मधल्या काळ्या गोलावर, वाजतो. लगेच येणारा ‘धा’ही त्याच तर्जनीला किनारीवर (चाटेवर) वाजवावा लागतो. ‘धाधा’मध्येही तर्जनी सलग दोनदा पडते, पण तिथे जागा बदलत नाही. ‘टधा’मध्ये मात्र हात शाईवरून मागे येतो आणि अनामिका शाईच्या कडेला टेकेपर्यंत तर्जनी पडून गेलेली असते, त्यामुळे चाटेचा मोकळा स्वर न उमटता आवाज बोदा येतो.

म्हणून कायदा बाजूला ठेवून मी रोज दहा मिनिटे, मेट्रोनोम 40 वर लावून, फक्त ‘टधा’ वाजवला. लक्ष तर्जनीवर नव्हे, अनामिकेवर ठेवले. सहाव्या दिवशी ‘धा’ची आस (मागे रेंगाळणारा नाद) पहिल्यांदा पूर्ण ऐकू आली, आणि तो क्षण मला लय वाढल्यापेक्षा मोलाचा वाटतो. मग मागे ‘ति’ जोडला, पुढे ‘तिट’, आणि दोन आठवड्यांनी पूर्ण कायदा पुन्हा 60 पासून सुरू केला. सलग तीन आवर्तने स्वच्छ आली तरच दोन मात्रा वाढवायच्या, एकही अक्षर दबले तर चार उतरायच्या, हा नियम कंटाळवाणा आहे, पण मी तो एकदाही मोडला नाही.

आज 92 वर दहा मिनिटे हात सैल राहतो. खालीचा भाग, म्हणजे डग्ग्याच्या घुमाऱ्याशिवाय सुरू होणारा उत्तरार्ध, अजून कच्चा आहे: ‘ताता तिट’नंतर ‘धागे धिनागिना’ला डाव्या हाताचा डग्गा उघडताना ‘गे’ किंचित उशिरा येतो. उद्यापासून ‘तिट धागे’ एवढाच तुकडा, पुन्हा 40 वर.