ताई सभामंडपाबाहेर

"अरे, मला मागे कुठे नेऊन बसवलंस? पखवाज माझ्या मांडीवर आणि मी सभामंडपाच्या बाहेर!"

सकाळी साडेनऊला ताईंचा फोन. त्यांचा आठ अभंगांचा अल्बम त्याच आठवड्यात ॲपल म्युझिकवर आला होता, नेहमीचं डावं-उजवं स्टीरिओ आणि आवाज चहूबाजूंनी, वरूनही येतो असं डॉल्बी ॲटमॉस, अशा दोन्ही रूपांत. दोन्हींचं मिक्सिंग माझंच. मी काही बोलायच्या आत मागून त्यांच्या भाच्याचा आवाज आला, "दादा, मावशीचं मनावर घेऊ नका. ॲटमॉस एक नंबर झालंय. मी बदलून बदलून ऐकतोय, स्टीरिओ त्याच्यापुढे सपाट वाटतं."

एकच घर, एकच फोन, एकच अभंग. मी म्हटलं, दुपारी दोघंही या. ताईंचे कान मला ठाऊक आहेत. जवारीचा दोरा केसभर सरकला तरी गाणं थांबवून तंबोरा हातात घेणारी बाई. त्यामुळे पोटात गोळा आलाच होता.

ते येईपर्यंत मीटर लावून बसलो. स्टीरिओ मास्टर उणे 9 एलयूएफएस (गाणं किती मोठं वाजतं त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं), ॲटमॉस उणे 18. ॲटमॉसला ही उणे 18 ची मर्यादा डॉल्बीनेच घालून दिलेली आहे. स्टीरिओला तसा कुणी वाली नाही. अभंग असला तरी यादीतल्या पुढच्या गाण्यापेक्षा दबका वाजलेला निर्मात्याला खपत नाही, म्हणून मी लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं दाबणारं साधन, लावून तो वर आणलेला. दोहोंत नऊ डेसिबलचा फरक, आणि दहा डेसिबल म्हणजे कानाला जवळपास दुप्पट आवाज. फोनमधलं साउंड चेक, म्हणजे सगळी गाणी सारख्या पातळीवर वाजवणारं सेटिंग, बंद असेल, तर ॲटमॉस लावल्यावर गाणं खाली बसणारच, आणि लहान झालेला आवाज लांब गेल्यासारखा वाटणारच. झालं, सुटलं कोडं, असं वाटून मी चहा मागवला.

चहा पिता पिता मात्र खटकलं. मोठं वाजतं तेच माणसाला बरं वाटतं. मग भाच्याला बारीक वाजणारं ॲटमॉस कसं आवडलं? आणि आवाज कमी-जास्त झाल्याचं तो चकार शब्द बोलला नव्हता.

दोघं आल्यावर फोन भाच्याकडून घेतला, त्याच्या वायरच्या इअरफोनच्या जागी माझी केबल लावली आणि त्याला म्हटलं, "तू घरी बदलतोस तसंच बदल." त्याने सेटिंगमध्ये डॉल्बी ॲटमॉस 'ऑफ' करून एकदा वाजवलं, 'ऑटोमॅटिक' करून एकदा. मी दोन्ही वेळा रेकॉर्ड केलं, दोन्ही लाटा एकाखाली एक जुळवल्या आणि एकीची फेज उलटी केली. दोन ध्वनी सारखे असतील तर असं केल्यावर एकमेकांना खाऊन टाकतात. प्ले दाबलं. पखवाज गायब, ताई गायब, तंबोरा गायब. वरच्या पट्टीत टाळांची थोडी सळसळ उरली, तीही फोनचं आणि माझ्या मशीनचं घड्याळ तंतोतंत जुळत नाही म्हणून.

पोरगा आठवडाभर स्टीरिओच ऐकत होता, दोन्ही वेळा. 'ऑटोमॅटिक'वर हेडफोन लावले, तर ते एअरपॉड्ससारखे ओळखीचे दिसले तरच फोन ॲटमॉस सोडतो. वायरचे साधे इअरफोन लावले की गुपचूप स्टीरिओ देतो. ॲटमॉसच हवं असेल तर 'ऑलवेज ऑन' करावं लागतं. ताई ऐकत होत्या सुनेचे एअरपॉड्स लावून. म्हणजे खरं ॲटमॉस घरात एकट्या त्यांनीच ऐकलं होतं!

भाच्याचे कान लाल झाले. मी त्याला हसलो नाही, कारण हसण्यासारखं माझंही होतं. हेडफोनवर कसं लागतं ते मी डॉल्बीच्या रेंडररमधून, म्हणजे ॲटमॉस हेडफोनसाठी उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, तपासलं होतं. तिथे प्रत्येक वाद्याला जवळ, मध्यम, लांब असं अंतर लावता येतं. ताईंचा आवाज मी 'जवळ'वर ठेवला होता आणि निर्धास्त झालो होतो. ॲपलचं ॲप हेडफोनसाठी स्वतःचं गणित करतं, माझं ते अंतर त्याच्या हिशेबातच नाही. हे मी वाचलेलं होतं. फोनवर लावून एकदा ऐकायला हवं होतं, ते राहिलं.

मग फोन 'ऑलवेज ऑन'वर टाकून खरं ॲटमॉस रेकॉर्ड केलं, रेकॉर्डिंग मोजून स्टीरिओ साडेआठ डेसिबल खाली आणून दोन्ही सारख्या पातळीवर बसवले आणि ताईंना हेडफोन दिले. स्क्रीन माझ्याकडे वळवली. फक्त "पहिलं" आणि "दुसरं" एवढंच सांगायचं.

ध्रुपदाआधीच्या पखवाजाच्या तुकड्यावर त्यांनी तिन्ही वेळा ॲटमॉस उचललं. "इथे 'धा' सुटा येतोय बघ. थाप पडते, मग घुमते. त्या दुसऱ्यात थाप आणि घुमारा एकदमच अंगावर येतात." लिमिटरने थापेचं टोक कसं छाटलंय हे मी लाटेवर दाखवू शकलो असतो, पण त्यांना दाखवायची गरजच नव्हती. गंमत अशी की कागदावर स्टीरिओ वरचढ आहे. ते लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळता येतं, तर ॲटमॉस सेकंदाला 768 किलोबिटच्या डबीत कोंबून येतं, साध्या सीडीच्या जवळपास निम्म्यात.

आवाजावर मात्र त्यांनी तिन्ही वेळा स्टीरिओ धरलं. पातळी सारखी असूनही. "लांब नाही रे, पण भिंतीला लागून आहे मी. ओठ ऐकू येत नाहीत."

ओठ! मी तो अभंग उघडला. ताईंचा आवाज एकट्या सेंटरला, समोरच्या मधल्या स्पीकरला, होता आणि त्याचा घुमारा मागच्या आणि वरच्या स्पीकरांत पसरलेला. माझ्या खोलीतल्या बारा स्पीकरांवर तो गाभाऱ्यासारखा लागतो. हेडफोनवर ॲप स्वतःच्या खोलीची भर वरून घालतं, आणि गाभाऱ्यात गाभारा होतो. मागचा घुमारा चार डेसिबल उतरवला, आवाज सेंटरबरोबर डाव्या-उजव्यातही सोडला. फाइल फोनवर चढवून पुन्हा ऐकवली. मग घुमारा आणखी दोन डेसिबल खाली. तिसऱ्या खेपेला ताईंनी डोळे मिटले, पहिली ओळ संपेपर्यंत उघडले नाहीत, आणि मग म्हणाल्या, "आता टाळकऱ्यांना जरा आवर."

टाळ आवरले. साडेसात वाजले होते. निघताना भाच्याने जिन्यात हळूच विचारलं, "दादा, मग मला जो फरक वाटत होता तो कसला?" मी त्याला फोनमधलं सेटिंग दाखवलं, 'ऑलवेज ऑन' करून दिलं.

ताई दोन पायऱ्या उतरून थांबल्या. "उरलेले सात कधी करतोस?"

निर्मात्याने ॲटमॉसचे पैसे एकदाच दिले होते, आणि तेही अर्धेच. मी म्हटलं, सोमवारी या.