नागलोकचा निरोप समारंभ

नागपुरात इंदोरा चौकातून कामठी रोडने निघालं, की भिलगावला नागलोक हे बौद्ध केंद्र लागतं. आवारात चालणाऱ्या बुद्धांची भव्य सोनेरी मूर्ती आहे. तिच्यासमोर फोटो काढून परत जाणारे पुष्कळ. पण याच आवारात २००२ पासून नागार्जुन प्रशिक्षण संस्था चालते. देशभरातल्या दलित, आदिवासी, मागास घरांतली मुलंमुली आठ महिने इथे राहून बुद्धधम्म, बाबासाहेबांचे विचार आणि समाजकार्य शिकतात. नागपूरच्याच कितीतरी लोकांना हे ठाऊक नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी या मुलांना हिंदी बोलायला शिकवायला जाऊ लागले. तेव्हापासून कोर्स संपतानाचा निरोप समारंभ मला घरच्या कार्यासारखा वाटतो.

सुरुवातीचं सगळं ठरलेलं असतं. त्रिसरण-पंचशील, प्रतिमांना हार, पाहुण्यांचं स्वागत, वर्षाचा अहवाल. पाहुणे चांगलंच बोलतात. पण मी वाट बघत असते ती मुलांच्या मनोगतांची.

ओडिशाचा एक मुलगा माझ्या वर्गात होता. पहिल्या दिवशी ओळख करून देताना त्याने नुसतं नाव सांगितलं. मी आडनाव विचारलं, तर खाली बघत बसला. मीही पुन्हा विचारलं नाही. आडनावावरून जात कळते आणि जात कळली की पुढे काय होतं, हे तो गावातून शिकून आला होता. निरोपाच्या दिवशी तोच माइकसमोर उभा राहिला. आदल्या दिवशी धुतलेला पांढरा शर्ट, इस्त्री नाही, पण कॉलरचं बटण लावलेलं. कागद हातात होता, तो त्याने घडी करून खिशात टाकला. आधी स्वतःचं नाव सांगितलं, मग आडनाव, मग गाव, मग वडील काय काम करतात ते. चहाच्या टपरीवर घरच्यांसाठी वेगळा पेला कसा टांगलेला असायचा, हेही सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "अब मैं अपना पूरा नाम बोलता हूँ. जय भीम." टाळ्या उशिरा वाजल्या, कारण पुढच्या रांगेतल्या मुली रडत होत्या. आता तो गावाकडे काम करतो आणि दर वर्षी तिकडून एखाददोन मुलं इकडे पाठवतो.

त्याच वर्षी तमिळनाडूच्या एका मुलीने भीमगीत म्हटलं, तेही मराठीतून. तिचा 'ळ' इतका सुरेख, की बिहार-उत्तर प्रदेशची मुलं तिच्याकडे बघतच राहिली. त्यांना शेवटपर्यंत तो जमला नाही.

भाषणाची गोडी मला वडिलांमुळे लागली. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेल्याची बातमी आली, त्या रात्री कस्तुरचंद पार्कवर शोकसभा झाली. वडील तिथे होते. पुढारी एकेक करून उभे राहत, चार शब्द बोलत आणि रडू आवरेना म्हणून खाली बसत. योगायोगाने त्याच दिवशी नागपुरात आलेले इंग्रज भिक्खू संघरक्षित मग रिक्षाच्या सीटवर उभे राहून बोलले. पुढे १९७७ च्या ऑक्टोबरमध्ये, धर्मांतराला एकवीस वर्षं होत असताना, त्यांचेच शिष्य लोकमित्र नागपुरात आले आणि त्यानंतर भारतातलंच धम्मकाम त्यांनी आयुष्यभराचं मानलं. नागलोक त्या कामातून उभं राहिलं. वडील म्हणायचे, बोलणाऱ्याचा गळा दाटून आला तरी त्याने थांबू नये. ती मुलं माइकसमोर थांबत नाहीत, तेव्हा मला वडील आठवतात.

आता मनात आहे ते बोलून टाकते. १४ ऑक्टोबरला आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नसते, त्याचा अभिमान मलाही आहे. पण या समारंभाला मागच्या खुर्च्या रिकाम्या राहतात. मी उत्तर नागपुरात घरोघरी पत्रिका देते. "येतो ना ताई," म्हणणारे येत नाहीत. एका वर्षी तर एक मान्यवर हार घेऊन, बोलून, मुलांचं मनोगत सुरू व्हायच्या आत गाडीत बसले. ज्या मुलाला बाबासाहेबांचं नाव घेतल्यावर गावात मार बसला, तो इथे येऊन बोलतो, आणि ऐकायला आपण नसतो. हे मला पटत नाही.

जे दर वर्षी न बोलावता येतात, त्यांची नावं घ्यायला संकोच वाटतो, त्यांनाही आवडणार नाही. पण कुणीच विसरलं जाऊ नये. सकाळपासून सतरंज्या झटकणारे फाटकावरचे दादा. लाइट गेली तर म्हणून जनरेटर घेऊन येणारे आणि भाड्याचं नाव न काढणारे कामठीचे मंडपवाले. मल्याळम, ओडिया, तमिळ बोलणाऱ्यांच्या शेजारी उभं राहून हिंदीत सांगणारी जुनी मुलं. मुलींच्या वसतिगृहातल्या ताई, ज्या प्रत्येकीचं परतीचं रेल्वे तिकीट दोनदा तपासतात. फोटो काढून नंतर प्रत्येकाला आठवणीने पाठवणारा बँकेतला मुलगा. दिवसभर माठ भरणारी धाकटी पोरं. आणि भिलगावच्या स्वयंपाकाच्या बाया. यांना आम्ही दर वर्षी स्टेजवर बोलावतो आणि दर वर्षी त्या "पोळ्या व्हायच्या आहेत" म्हणून येत नाहीत. पुढच्या वेळी आधी त्यांचा सत्कार आणि मग पाहुण्यांचा, असं मी व्यवस्थापकांना सांगून ठेवलं आहे. पोळ्या त्या दिवशी आम्ही लाटू.