माईकवरून म्हटलेला 'रोग'

आमच्याकडं, गंगाखेड तालुक्यात, सप्ताहाच्या कीर्तनात महाराज म्हणाले, पोरानं पोरावर जीव लावणं हा रोग आहे. टाळकऱ्यांत माझा भाचा उभा होता. टाळ हातात, पण वाजेना. त्याचं काय आहे ते घरात फक्त मला ठाऊक.

मी माळकरी बाई. महाराजांचं तोंड बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. बोलायचा हक्क त्यांना घटनेच्या 19व्या कलमानं दिलाय, श्रद्धेचा मला 25व्यानं. पण हेच 25वं कलम धर्मस्वातंत्र्याला आरोग्याचीही मर्यादा घालतं, ते कुणी वाचत नाही. आणि रोग कसला? जागतिक आरोग्य संघटनेनं 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 2018 पासून तो आपल्याकडं गुन्हाही नाही.

पंगत उठल्यावर महाराजांना गाठलं. "बोला महाराज, पण रोग म्हणू नका. समोर लेकरं बसतात, घरी जाऊन गप्प होतात."

"बघतो, माय," एवढंच म्हणाले. मी उद्या पुन्हा विचारणार आहे.

भाच्याला टेली-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासावर बोलायच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 नंबर दिलाय. फुकट आहे, रात्रीही लागतो. आणि सांगितलं, माळ काढायची नाही. विठ्ठल तुझाही आहे.