एक ऑगस्ट
आज मासेमारीची बंदी उठली म्हणून सकाळीच मिरकरवाड्याला गेलो, तर बऱ्याच होड्या अजून ताडपत्रीखालीच! ‘दर्याला नारळ दिल्याशिवाय नाय जायचं,’ जाळ्याची भोकं सांधता सांधता एक तांडेल म्हणाला. मान वरसुद्धा केली नाही.

येताना टिळक आळीत लोकमान्यांच्या जन्मघरापाशी थांबलो. कौलांवरून पागोळ्या, खाली छत्र्या मिटत उभी शाळेची पोरं. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईत, सरदारगृहात टिळक गेले. त्याच दिवशी असहकार आंदोलन सुरू झालं आणि तिकडे वाटेगावात अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळेत हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत पाठ केलेलं. दिवस एकच, हे मला पन्नाशीत कळावं!

बांगडा काही मिळाला नाही. सुकट घेऊन घरी आलो.