बिबड्यांचा हिशेब

चैत्रात आमच्या अमळनेरच्या घरी माय पहाटे चारलाच चूल पेटवते. भिजवून दळलेल्या ज्वारीचा घाटा हाटून हाटून तिचे खांदे भरून येतात. ऊन तापायच्या आत खाटेवरच्या ओल्या कापडावर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापून व्हायला हवेत. बाजारात तेच किलोवर विकतात. मायचे मात्र 'घरचे'.

परवा तिचा एक फॉर्म भरताना व्यवसायापुढे मी सवयीने 'काही नाही' लिहिलं. तिने वाचलं, बोलली नाही. मला फार लागलं ते.

२०१९च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाया त्याला दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, ते करणारे पुरुष ९७. मायचा दिवस तर त्याहून मोठा.

नवा फॉर्म आणला. "माय, काय लिहू?"

"बिबडा करस, वावर बी करस. ते लिख."